तबकडीपासून फाइलीपर्यंत

भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणाला १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात सुरुवात झाली. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायस्बर्ग यांनी तेथे गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. छपाई मात्र जर्मनीतील हॅनोव्हरला होई. तेथील कारागिरांना गायक ओळखता यावा, म्हणून गाणे संपताच नाव पुकारण्याची पद्धत पडली. पुढे १९४८ मध्ये एलपी आणि १९६३ मध्ये कॅसेट आली. हा सारा ठेवा घरच्या संगणकात उतरवणे शक्य झाले ते १९९० च्या दशकात, सोळा बिटांची साउंड कार्डे स्वस्त झाल्यावर. सीडीच्या दर्जाच्या नोंदीला मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. त्या काळच्या हार्ड डिस्कला ती परवडत नसे, म्हणून बहुतेकांनी एमपी३ स्वीकारले. २००० मध्ये ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर आले आणि हे काम हौशी रसिकांच्या आवाक्यात आले.

यंत्रापेक्षा येथे कानाची परीक्षा अधिक. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते आणि खरखरच वाढवते, म्हणून जाड टोकाची सुई लावावी लागते. सुरुवातीच्या अनेक तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्याच नाहीत. ७४ फेऱ्यांची तबकडी ७८ वर फिरवली, तर काळी एकमध्ये गायलेले पद पांढरी दोनच्या जवळ जाते. गायकाची पट्टी ठाऊक असलेला रसिकच ही चूक पकडू शकतो. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थेमुळे अशा जाणकारांना एकमेकांची साथ मिळाली.

खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा मोह मोठा होता. त्याच्या अतिवापराने तंबोऱ्याची आस आणि आवाजाची धार गेली; फाइल आटोपशीर करताना शेवटची नावाची पुकारही कापली गेली. हे नुकसान खरखरीपेक्षा कितीतरी मोठे आहे. आधी तबकडी जशी वाजते तशीच नोंदवून ठेवावी आणि सफाई तिच्या प्रतीवर करावी, हीच रीत योग्य.

कॅसेटचे काम सोपे वाटते, पण ९० मिनिटांची फीत उतरवायला ९० मिनिटेच लागतात. हेडचा कोन किंचित चुकला, तरी आवाज बोदा होतो; स्क्रू हलके फिरवून तो जुळवावा लागतो. तबकडीच्या अनेक प्रती निघत. घरगुती बैठकीच्या किंवा गावातल्या कीर्तनाच्या कॅसेटची मात्र बहुधा दुसरी प्रत नसते, त्यामुळे प्राधान्य तिलाच हवे. हे काम करणाऱ्या पहिल्या पिढीने असे ध्वनिमुद्रण घरीच सीडीवर लिहून ठेवले. त्यांतल्या कित्येक सीडी काही वर्षांतच वाचता येईनाशा झाल्या, आणि ज्यांनी मूळ कॅसेटी जपल्या होत्या त्यांनी त्या पुन्हा उतरवून घेतल्या.