धूमकेतू पाहणारा मुलगा आणि वगळलेले दहा दिवस

सन १५७७ मध्ये युरोपच्या आकाशात एक तेजस्वी धूमकेतू अवतरला. दक्षिण जर्मनीतील एका आईने आपल्या लहानग्याला तो दाखविण्यासाठी उंच जागी नेले. मुलाला सहावे वर्ष पूर्ण व्हायचे होते. त्याचे नाव योहानेस केपलर. ग्रहांच्या गतीचे नियम मांडणाऱ्या या शास्त्रज्ञाचे बालपण मात्र विज्ञानाला पोषक म्हणावे असे मुळीच नव्हते.

२७ डिसेंबर १५७१ रोजी वाइल डेर श्टाट या गावी जन्मलेले हे मूल अपुऱ्या दिवसांचे होते. वडील भाडोत्री सैनिक. त्यांच्या मागे आईही काही काळ निघून गेली आणि मूल आजी-आजोबांकडे राहिले. देवीच्या आजारातून ते वाचले, पण दृष्टी कायमची अधू झाली आणि हातही दुबळे झाले. पुढे कुटुंब लिओनबर्गला गेले. तेथील लॅटिन शाळेतील तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला त्याला पाच वर्षे लागली, कारण मध्येच त्याला शेतीच्या कामाला जुंपण्यात आले होते. १५८० मध्ये चंद्रग्रहण पाहण्यासाठी त्याला घराबाहेर बोलावण्यात आले. लालसर दिसणारा तो चंद्र त्याने आयुष्यभर लक्षात ठेवला.

तो अकराव्या वर्षात असतानाच काळाची मोजणी बदलली. जुन्या ज्युलियन कालगणनेत वर्ष ३६५ दिवस ६ तासांचे धरले जाई. प्रत्यक्षात ते सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. शतकानुशतके साचलेल्या या फरकामुळे वसंतसंपात २१ मार्चवरून ११ मार्चपर्यंत मागे आला आणि ईस्टरचा हिशेब चुकू लागला. पोप ग्रेगरी तेरावे यांनी फेब्रुवारी १५८२ मध्ये सुधारणेचा आदेश काढला. त्यानुसार इटली, स्पेन, पोर्तुगाल आदी देशांत गुरुवार, ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार, १५ ऑक्टोबर उजाडला.

केपलरच्या घरातला दिवस मात्र बदलला नाही. लिओनबर्ग वुर्टेमबर्गच्या राज्यात होते आणि ते राज्य प्रोटेस्टंट. जर्मनीतील कॅथोलिक राजांनी एक-दोन वर्षांतच नवी गणना स्वीकारली. प्रोटेस्टंटांनी ती नाकारली. आक्षेप आकाशाला कमी आणि रोमच्या अधिकाराला अधिक होता. ट्युबिंगेन विद्यापीठात केपलरला कोपर्निकसचे सूर्यकेंद्री मत शिकविणारे मायकेल मेस्टलिन हेच नव्या कालगणनेचे कडवे विरोधक होते, ही गंमतच म्हणायची. १५७७ चा धूमकेतू त्यांनीही अभ्यासला होता. टायको ब्राहे यांनी तर तो चंद्रापलीकडे असल्याचे मोजमापाने दाखवून दिले होते. गावातल्या मुलाने पाहिलेली ती शेपटीची चांदणी त्याच्या भावी गुरूच्या आणि भावी आश्रयदात्याच्याही नजरेखालून गेली होती!

१५९४ मध्ये केपलर गणिताचा शिक्षक म्हणून ऑस्ट्रियातील ग्रात्सला निघाला. वाटेत कॅथोलिक मुलखाची हद्द ओलांडताच त्याची तारीख दहा दिवसांनी पुढे सरकली. तेथे पंचांग तयार करणे हेही त्याच्या नोकरीचे काम होते. स्वतः प्रोटेस्टंट असूनही नवी गणनाच बरोबर, असे त्याचे मत झाले आणि १६१३ मध्ये रेगेन्सबुर्गच्या राजसभेत त्याने तिची बाजू मांडली. तेथे ती कोणी मान्य केली नाही.

अधू डोळ्यांच्या या माणसाने १६०४ मध्ये डोळ्यातील पडद्यावर प्रतिमा उलटी उमटते हे सांगितले. धूमकेतू दाखविणाऱ्या त्याच्या आईवर १६१५ मध्ये चेटकिणीचा आळ आला. पुढे सुमारे १४ महिने ती कैदेत होती. मुलाने स्वतः बचावाचे काम केले आणि १६२१ मध्ये तिची सुटका झाली; पण पुढच्याच वर्षी ती वारली.

केपलरचा मृत्यू रेगेन्सबुर्ग येथे १५ नोव्हेंबर १६३० रोजी झाला. जुनी गणना पाळणाऱ्यांच्या लेखी ती तारीख ५ नोव्हेंबर होती. जर्मनीतील प्रोटेस्टंट राज्यांनी १७०० मध्ये १८ फेब्रुवारीनंतर १ मार्च मोजून हा फरक मिटविला, तेव्हा वगळावे लागलेले दिवस दहा नव्हे, अकरा झाले होते.