जेवणाची खूण

घरांतल्या कुत्र्याला जेवणाची वर्दी ओळखावयास बहुधा कोणी मुद्दाम शिकविलेलें नसतें. स्वयंपाकघरांत त्याच्या जर्मनच्या थाळीचा आवाज झाला, कीं तो अंगणांतून धांवत येतो. ‘थांब’ म्हटलें कीं थांबतो, ‘घे’ म्हटलें कीं तोंड घालतो. आणि या दोन शब्दांच्या मधल्या क्षणीं त्याच्या जबड्यांतून लाळ गळत असते. ही लाळ हजारों वर्षें माणसाच्या डोळ्यांदेखत गळत आली आहे. ती कोणत्या नियमानें सुटते हें थेंब मोजून ठरवावें असें ज्याच्या मनानें घेतलें तो गृहस्थ रशियांत निघाला, आणि त्यालाही हा विषय सांपडला तो दुसऱ्याच कामांतील एक कटकट म्हणून.

इव्हान पेत्रोविच पावलॉव्ह याचा जन्म १८४९ सालीं रियाझान शहरीं एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. बापाचीच वृत्ति पुढें चालवावी म्हणून त्याला धर्मविद्यालयांत घातलें होतें. पण शास्त्रीय ग्रंथांच्या वाचनानें त्याचें मन फिरलें व १८७० सालीं तो सेंट पीटर्सबर्गच्या विश्वविद्यालयांत दाखल झाला. त्याच शहरांत १८९० सालीं प्रायोगिक वैद्यकाची एक संस्था निघाली, आणि तेथील शरीरक्रियाशास्त्राची शाखा त्याच्या हातीं आली.

विषय होता अन्नपचनाचा. कुत्र्याची अन्ननलिका मानेशीं छेदून बाहेर आणीत. मग तो खात राही, पण घास पोटांत न जातां बाहेर पडे, आणि तरीही जठरांतून निर्भेळ पाचक रस वाहूं लागे. हा रस अपचनावरील औषध म्हणून विकला जाई व त्या पैशानें प्रयोगशाळेच्या खर्चास हातभार लागे. शस्त्रक्रिया भूल देऊन आणि रुग्णालयास शोभेल अशा स्वच्छतेनें होत, हें खरें. परंतु या मुक्या जिवांच्या गळ्याला व गालाला छिद्रें पाडलेलीं होतीं हें वगळून हा इतिहास सांगतां येणार नाहीं. पचनावरील या संशोधनाबद्दल पावलॉव्हला १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

कटकट होती ती लाळेची. लालापिंडाची नलिका गालावर बाहेर काढून, अन्न तोंडांत पडल्यावर किती लाळ सुटते तें मोजावयाचें असे. नवा कुत्रा सरळ वागे. कांहीं दिवस गेले, कीं अन्नाचें भांडें दिसतांच, इतकेंच काय, अन्न घालणाऱ्या नोकराचीं पावलें वाजतांच लाळ आधींच सुरू! सगळें मोजमाप बिघडे. स्नार्स्की नांवाच्या सहकाऱ्यानें याचा अर्थ लाविला, कीं कुत्रा विचार करतो, इच्छा करतो, वाट पाहतो. पावलॉव्हला हें पटलें नाहीं. कुत्र्याच्या मनांत कोणी शिरून पाहिलें आहे? थेंब मात्र मोजतां येतात. १९०३ सालीं माद्रिद येथील वैद्यकपरिषदेंत त्यानें आपला नवा मार्ग जाहीर केला. घास जिभेवर पडल्यावर लाळ सुटते ती जन्मजात, निरुपाधिक. पावलांच्या आवाजानें सुटते ती अनुभवाच्या अटीवर अवलंबून, म्हणून सोपाधिक.

पावलॉव्ह म्हटला कीं लोकांना घंटा आठवते. घंटा तेथें नव्हती असें नाहीं. पण तिचें माहात्म्य मागाहून वाढलें. गवयाला ताल दाखविणारें मेट्रोनोम नांवाचें यंत्र, विजेचा गुणगुणणारा भोंगा, दिवा, कातडीला केलेला हलका स्पर्श, अशा अनेक खुणा तेथें वापरीत. मेट्रोनोमची टिकटिक सुरू झाल्यावर नवव्या सेकंदाला लाळ सुटली आणि पाऊण मिनिटांत अकरा थेंब पडले, अशी एका कुत्र्याची नोंद आहे. अन्नाचा मात्र तेथें पत्ता नव्हता.

या नोंदींत घरगुती उपयोगाची एक गोष्ट आहे. एका कुत्र्याला आधीं अन्न दिलें व पांच ते दहा सेकंदांनीं भोंगा वाजविला. असें ३७४ वेळां केलें. भोंग्याचा अर्थ त्याला कळला नाहीं. तोच भोंगा अन्नाच्या आधीं वाजविला, तेव्हां एका खेपेंत काम झालें. घरोघरीं चुकतें तें येथेंच. थाळी पुढें ठेवावयाची, कुत्र्यानें तोंड घातल्यावर ‘बस, बस’ म्हणून ओरडावयाचें, आणि मग कुत्रा मठ्ठ आहे अशी तक्रार करावयाची! उलट, खूण वारंवार द्यावी आणि अन्न देऊं नये, तर लाळ आटत आटत बंद होते. कांहीं वेळ विसांवा मिळाल्यावर ती पुन्हा परतते. म्हणजे शिकलेलें पुसलें जात नाहीं, दाबलें जातें.

परंतु खुणा जितक्या नाजूक होत गेल्या तितका माणूस आड येऊं लागला. प्रयोग करणाऱ्याचा श्वास, त्याची चुळबूळ, हीही कुत्र्याला खूणच. म्हणून १९१० सालीं मॉस्कोच्या लेदेन्त्सोव्ह नांवाच्या व्यापाऱ्याच्या देणगींतून जाड भिंतींची व भोंवतीं चर खणलेली एक इमारत उभारावयास घेतली. तिला ‘मौनाचा मनोरा’ असें नांव पडलें. कुत्रा आंत एकटा, माणूस बाहेर, अन्न यंत्रानें पुढें येई.

अशा शिस्तीची मर्यादाही लौकरच दिसली. १९१४ सालीं एका कुत्र्याला वर्तुळ दिसलें कीं अन्न, लंबवर्तुळ दिसलें कीं कांहीं नाहीं, असें शिकविलें. लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळासारखें करीत नेलें. अक्षांचें प्रमाण नवास आठ झालें तेव्हां त्याला फरक कळेना. तीन आठवडे हा क्रम चालला. शेवटीं शांत स्वभावाचा तो कुत्रा किंचाळूं लागला, आणि अंगावर बसविलेलीं यंत्रें दातांनीं तोडूं लागला. सोप्या खुणाही तो विसरला.

मग राज्यक्रांति आणि यादवी युद्ध आलें. माणसांनाच भाकरी मिळेना. प्रयोगशाळेंतले कितीतरी कुत्रे उपासमारीनें मेले. १९२१ च्या जानेवारींत लेनिननें खास हुकूम काढल्यावर पावलॉव्हच्या कामाची सोय लागली.

२३ सप्टेंबर १९२४ रोजीं नेव्हा नदीला महापूर आला. कुत्र्यांच्या घरांत पाणी शिरलें व त्यांना पोहवीत मुख्य इमारतींत आणावें लागलें. पुढें कांहीं दिवसांनीं प्रयोग सुरू केले, तों एका कुत्र्याच्या शिकलेल्या खुणा पार नाहींशा झालेल्या. खूण केली तरी लाळ नाहीं. समोरच्या अन्नालाही तो तोंड लावीना. स्पेरान्स्की नांवाच्या सहकाऱ्यानें एक युक्ति केली: बाहेर न बसतां तो कुत्र्याजवळ आंतच बसूं लागला. तेव्हां खुणा परत आल्या. तो बाहेर गेला कीं त्या पुन्हा जात. ज्या माणसाला दूर ठेवण्यासाठीं एवढ्या भिंती बांधल्या होत्या, त्याच्या सोबतीवांचून भ्यालेल्या कुत्र्याला घास गोड लागेना. तो बरा झाल्यावर दाराखालून पाण्याची बारीक धार आंत सोडून पाहिली. तेवढ्यानें तो पुन्हा बिथरला.

१९३५ सालीं त्या संस्थेच्या बागेंत कुत्र्याचें स्मारक उभारलें गेलें. त्यावरील मजकूर खुद्द पावलॉव्हनें सांगितला. पुढच्या वर्षीं २७ फेब्रुवारीस तो वारला. शहराचें नांव १९९१ सालीं पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झालें. स्मारकावरचा कुत्रा त्याच बागेंत बसलेला आहे.