गुरांचा दवाखाना आणि दारचे कुत्रे

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातील कोणत्याही मोठ्या गावी गेले तर तेथे जनावरांचा एक सरकारी दवाखाना असतो. पाटीवर 'पशुवैद्यकीय' असा भारदस्त शब्द असला तरी लोक त्याला 'गुरांचा दवाखाना' असेच म्हणतात. लोकांनी ठेवलेले नाव सहसा चुकत नाही. त्या दाराशी गाय येते, म्हैस येते, बैल येतो, शेळ्या-मेंढ्या येतात. कुत्रे मात्र दाराबाहेर सावलीला बसलेले असते आणि मांजराचे तर नावच काढावयास नको.

या एका नावात दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तोच आज श्रोत्यांपुढे ठेवावा असा आमचा विचार आहे. कामगार-चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसांनी कुत्र्यामांजरांच्या औषधपाण्यावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु हा विषय आम्हांस परका नाही. कोणाचे श्रम मोजले जातात आणि कोणाचे मोजले जात नाहीत, हाच येथेही मूळ प्रश्न आहे. आपल्याकडे जनावरांच्या वैद्यकाचा इतिहास हा जनावरांच्या कमाईचा इतिहास आहे. ज्याची कमाई वहीत चढली त्याला वैद्य मिळाला. ज्याची चढली नाही त्याच्या वाट्याला हळद, राख किंवा काठी आली.

आरंभ घोड्यापासून करावा लागतो. भीमा आणि नीरा यांच्या काठचा हा मुलूख पूर्वी भीमथडी म्हणून ओळखला जाई. भीमथडीची तट्टे दिसायला लहान, पण काटक आणि मजलदरमजल न थकणारी. मराठ्यांच्या घोडदळाचा मोठा भार त्यांनी वाहिला. घोडा म्हणजे लढाई आणि लढाई म्हणजे राज्य. म्हणून घोड्याच्या वैद्यकाला शालिहोत्र हे स्वतंत्र शास्त्र झाले आणि ते जाणणारा सलोत्री झाला. पुढे इंग्रजांनी जनावरांचे नवे वैद्यक आणले तेव्हा त्यांच्याही डोळ्यांपुढे प्रथम फौजेचे घोडेच होते. राज्य बदलले, पण हिशेब तोच राहिला.

कुत्र्याला आदर नव्हता असे नाही. जेजुरी येथून जवळ आहे. खंडोबाच्या मूर्तीजवळ कुत्रा असतो आणि त्याचे वाघे स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेतात. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. महाभारताच्या अखेरीस धर्मराज स्वर्गाच्या दाराशी अडून राहतो, तोही कुत्र्यासाठीच. एवढा मान असून कुत्र्याला सलोत्री मिळाला नाही. मान आणि मजुरी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे कामगाराला वेगळे सांगावयास नको.

कुत्र्यासाठी आपल्या प्रांतात पहिली मोठी चळवळ झाली ती मुंबईत, 1832 साली. उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारावीत असा कंपनी सरकारचा नियम होता. त्या वर्षी ती मुदत वाढविण्यात आली. कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. बक्षिसाच्या लोभाने मारेकरी घराघरांत शिरून पाळीव कुत्रीही मारू लागले. 6 जून रोजी कोटात पारशी मंडळींनी त्यांना अडविले; दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली आणि फौजेकडे जाणारी रसद रोखली गेली. जैन आणि हिंदू व्यापारीही त्यांत सामील झाले. मुंबईच्या इतिहासातील आरंभीच्या मोठ्या हरताळांपैकी हा एक, आणि तो कुत्र्यांसाठी झाला! पुढे 1834 साली सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ निघाली. पांजरपोळीने आसरा दिला. औषध मात्र अद्याप दूर होते.

औषध आले ते परळला. गिरणीमालक सर दिनशा माणकजी पेटिट यांच्या देणगीतून 1883 साली तेथे जनावरांचे इस्पितळ स्थापन झाले. त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचे नाव त्याला देण्यात आले आणि ते आजही त्याच नावाने ओळखले जाते. 1886 साली मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. ज्या परळमध्ये गिरणीकामगार चाळीत दाटीवाटीने राहत, तेथेच मालकाच्या धर्मादायातून जनावरांचे इस्पितळ उभे राहिले, या योगायोगावर टीका करणे सोपे आहे. आम्ही ती करणार नाही. धर्मादायाने दार उघडले हे खरेच आहे. पण धर्मादायाचे दार एकाच जागी असते. बारामतीचा मेंढपाळ आपले कुत्रे घेऊन परळला जाऊ शकत नव्हता.

सरकारने हात घातला तो गुरांच्या साथींसाठी. बुळकांडीची साथ आली म्हणजे गोठेच्या गोठे रिकामे होत, नांगर उभे राहत, शेतसारा बुडे. या साथीचा अभ्यास करण्यासाठी 1889 साली एक सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली, आणि ती सुरू झाली आपल्या पुण्यात, सायन्स कॉलेजात. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते. 1893 साली ती हिमालयात मुक्तेश्वरला हलविण्यात आली. बुळकांडीविरुद्धच्या लढ्याची ही पहिली चौकी होती. या लढ्याचा शेवट काय झाला, ते पुढे सांगू. कारण आमच्या म्हणण्याचे सारे बळ त्यातच आहे.

कुत्र्याकडे सरकारचे लक्ष गेले ते माणूस मरू लागला म्हणून. पिसाळलेल्या कुत्र्याचे विष आपल्या वैद्यांना जुन्या काळापासून ठाऊक होते. सुश्रुताने त्याला अलर्कविष म्हटले आहे आणि पाण्याची भीती वाटू लागली की रोगी हातचा गेला, हेही सांगितले आहे. 6 जुलै 1885 रोजी पॅरिसला लुई पाश्चर याने जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला आपली लस टोचली आणि मुलगा वाचला. आपल्या देशात 1900 साली कसौलीला पाश्चर संस्था निघाली. बारामतीहून कसौली सुमारे हजार मैल! कुत्रे चावलेल्या गरिबाने तेथे जावे कसे? 1911 साली डेव्हिड सेंपल याने कसौलीला निराळी लस तयार केली. रोगाचे विष टोचलेल्या मेंढीच्या मेंदूपासून ती बनविता येई आणि दूरवर पाठविताही येई. पुढे मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेतही ती होऊ लागली. बेंबीभोवतीची ती चौदा इंजेक्शने आमच्या पिढीतील प्रत्येकास ठाऊक आहेत. ज्यांना ती बाधत त्यांपैकी काहींना अर्धांगही होई. भारतात ही लस 2004 च्या सुमारास बंद झाली आणि दंडात टोचावयाची सुरक्षित लस सर्वत्र आली.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. शंभर वर्षे हे सारे प्रयत्न चावल्या गेलेल्या माणसासाठी होते. चावणाऱ्या कुत्र्याला आधीच लस टोचावी, म्हणजे चावा विषारी होणारच नाही, हा विचार खेड्यापर्यंत पोहोचला नाही. विहिरीला कठडा बांधावयाचा नाही आणि बुडालेल्यांना काढण्यासाठी पोहणारे नेमावयाचे, असा हा कारभार झाला.

दरम्यान आमच्या भागाचे रूपच पालटले. 1885 च्या सुमारास नीरेचा डावा कालवा आला. माळरानाच्या जागी ऊस आला. 1930 नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसले, त्यानंतर सहकारी कारखाने उभे राहिले. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या आणि गुरांचे दवाखाने त्यांच्याकडे गेले. 1967 साली उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी 'बाएफ' संस्था काढली आणि संकरित गाईचे युग सुरू झाले. दूध वहीत चढले, म्हणून गाईला दारात डॉक्टर मिळाला. हे चांगलेच झाले.

परंतु या साऱ्या संसाराची राखण कोण करीत होते? धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरतो, पावसाळ्याला परत येतो. रात्री वाघरेत मेंढरे कोंडली की भोवती कुत्री जागतात. लांडगा प्रथम त्यांच्याशी झुंजतो. ऊसतोडीच्या टोळीचे कुत्रे पाचटाच्या कोपीपाशी तान्ह्या पोरांजवळ बसते; आई-बाप फडात असतात. मांजर धान्याची कणगी उंदरांपासून राखते. शिळी भाकरी एवढीच त्यांची मजुरी. आजारपणाची रजा नाही, औषध नाही, म्हातारपणाची सोय नाही. ही कामगारांची भाषा आम्ही उगीच वापरीत नाही.

या जनावरांना होणारे रोग ओळखीचे आहेत आणि बहुतेक टाळता येण्याजोगे आहेत. पिल्लांना डिस्टेंपर होतो: ताप, डोळ्या-नाकातून चिकट स्राव, पुढे झटके. 1978 पासून जगभर पसरलेला पार्वो रक्ताची हगवण लावून चार-दोन दिवसांत पिल्लू नेतो. दोहोंवर लस आहे. गोचिडांतून ताप येतो आणि रक्त आटते. अशा तापाच्या एका जंतूचा शोध 1910 साली मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात लागला आणि मग तोच जंतू कोल्ह्यात सापडला. म्हणजे घरचे आणि रानचे जनावर रोगाच्या बाबतीत शेजारी आहेत. कडबनवाडीच्या माळावर किंवा सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याभोवती हिंडणाऱ्या गावकुत्र्याचा डिस्टेंपर लांडग्यालाही लागू शकतो.

मेंढपाळांनी तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. मेंढीच्या काळजात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी निघाल्या तर त्या कुत्र्याला कधीही टाकू नयेत. पुरून किंवा जाळून टाकाव्यात. त्या गाठीतून कुत्र्याच्या पोटात बारीक पट्टकृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हाताने माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या काळजात तशाच गाठी होतात. कुत्र्याला वेळच्या वेळी जंताचे औषध देणे हे घरच्या मुलांचेच औषध आहे. मांजराच्या बाबतीत एकच सांगतो: आपल्या तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला देऊ नये. एक गोळीही त्याचा जीव घेते.

आणि कुत्रे चावलेच तर तिखट, चुना, हळद काही लावू नये. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. जखम खोल असेल तर लशीबरोबर जखमेत भरावयाचे औषधही मागावे. कुत्र्याच्या घशात हाड अडकल्यासारखे वाटून तोंडात हात घालणारे पुष्कळ असतात. पिसाळलेल्या कुत्र्याचा जबडा लुळा पडला म्हणजे ते तसेच दिसते. एकदा रोगाची लक्षणे दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

आता बुळकांडीचा शेवट सांगतो. 1954 साली देशाने तिच्याविरुद्ध मोहीम उघडली. टोचणारे गावोगाव, गोठ्यागोठ्यात गेले. बैल कोणाचा, सावकाराचा की कुळाचा, हे कोणी पाहिले नाही. 2006 साली भारत तिच्यातून मुक्त झाला आणि 2011 साली ती जगातूनच नाहीशी झाली. ज्या रोगासाठी पुण्यात 1889 साली प्रयोगशाळा निघाली, तो आज पृथ्वीवर उरला नाही! हे कोणा एका शास्त्रज्ञाचे काम नव्हे. सरसकट टोचणीचे, म्हणजे संघटनेचे काम आहे.

हेच रेबीजच्या बाबतीत होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसे या रोगाने मरतात. त्यांतील तिसरा हिस्सा भारतात, आणि त्यांत मुलांची संख्या मोठी. वस्तीतील शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांना लस टोचली तर रोगाची साखळी तुटते, हे सिद्ध आहे. शेजारच्या गोव्याने 2013 पासून दरसाल घरोघर आणि रस्तोरस्ती टोचणी केली. 2018 आणि 2019 साली तेथे या रोगाने एकही माणूस मेल्याची नोंद नाही. 2021 साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. कुत्री मारून मुंबईला 1832 साली जे साधले नाही, ते टोचून गोव्याला साधले. केंद्र सरकारच्या आराखड्यातही 2030 पर्यंत हा रोग हटविण्याचा संकल्प आहे.

आज बारामतीत पाळीव कुत्र्यांचे खासगी दवाखाने आहेत. बंगल्यातल्या कुत्र्याला वेळेवर लस मिळते, याचा आम्हांस आनंदच आहे. पण रोगाची साखळी बंगल्यात तुटत नाही; ती वाघरेपाशी, कोपीपाशी आणि बाजारतळावर तुटते. तेथील कुत्र्याचा धनी पैसे देऊ शकणार नाही, म्हणून तेथे गावानेच धनी झाले पाहिजे. ग्रामसभेत रस्त्याचा ठराव होतो, पाण्याचा होतो. तसाच दरसाल कुत्र्यांच्या टोचणीचाही एक ठराव व्हावा. गळीत सुरू होण्यापूर्वी टोळ्यांच्या तळावर आणि धनगर उतरण्यापूर्वी त्यांच्या वाड्यांवर टोचणारे पोहोचावेत. त्याला लागणारा खर्च एका माणसाच्या मरणापुढे काहीच नाही.

ज्याने राखण केली त्याच्या जिवाची काळजी घेणे ही दया नव्हे. ती थकलेली मजुरी आहे. ती चुकती होईल त्या दिवशी आमच्या गावच्या दवाखान्याचे नाव बदलले नाही तरी चालेल, त्याचे दार मात्र मोठे झालेले असेल.