मुंबई–पुणे सायकल शर्यत
मुंबई–पुणे सायकल शर्यत ही महाराष्ट्रातील लांब पल्ल्याची रस्ता सायकल शर्यत आहे. टूर द फ्रान्सप्रमाणे ती अनेक टप्प्यांची नाही. सुमारे १५० किमीचे अंतर एकाच दिवसात पार करावे लागते.

मार्ग आणि किताब
मुंबईहून निघालेले स्पर्धक पनवेलमार्गे जुन्या महामार्गाने खोपोलीला पोहोचतात. तेथून खंडाळ्यापर्यंत बोर घाटाचा सुमारे ५०० मीटर उंचीचा चढ आहे. तो सर्वप्रथम चढणाऱ्या सायकलपटूस 'घाटाचा राजा' हा किताब दिला जातो. टूर द फ्रान्समध्ये याच प्रकारच्या मानासाठी लाल ठिपक्यांची जर्सी असते. मात्र घाटाचा राजा हाच शर्यतीचा विजेता ठरेल असे नाही. खंडाळ्यानंतर पुण्यापर्यंत साठ किमीहून अधिक अंतर उरते आणि तेथे मागे राहिलेले स्पर्धक त्याला गाठू शकतात.