पबमधील मैफल

संगीताचा इतिहास लिहिणारे बहुधा दरबार, देवालये आणि नाट्यगृहे यांचाच मागोवा घेतात. परंतु इंग्लंडातील आधुनिक जॅझ संगीताचा इतिहास पाहावयाचा, तर पबाची पायरी चढल्यावाचून गत्यंतर नाही. इंग्रजांचा पब म्हणजे निव्वळ दारूचा गुत्ता नव्हे. दिवसभराचे काम आटोपून शेजारीपाजारी जेथे जमतात, अशी ती वस्तीची बैठक होय. लंडनच्या नैर्ऋत्येस, थेम्सकाठच्या बार्न्स येथील 'बुल्स हेड' या पबात १९५९ साली आधुनिक जॅझच्या मैफली सुरू झाल्या आणि त्या पुढे कित्येक दशके चालल्या.

या मैफलींची पूर्वपीठिका मोठी उद्बोधक आहे. अमेरिकेत ब्रिटिश वादकांना शिरकाव मिळत नसे. तेव्हा आपल्या वादकांच्या पोटापाण्याचे रक्षण व्हावे म्हणून १९३५ साली ब्रिटिश मजूर खात्याने अमेरिकन वाद्यवृंदांना परवाने नाकारले. ही कोंडी १९५६ पर्यंत टिकली. याच काळात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील 'मिन्टन्स' या ठिकाणी थेलोनियस मंक, केनी क्लार्क आणि डिझी गिलेस्पी हे वादक नव्या 'बीबॉप' शैलीची जडणघडण करीत होते. रोजगार वाचला, विद्या मात्र दुरावली.

तरुणांनी यावर तोड काढली. रॉनी स्कॉट, जॉन डँकवर्थ यांसारख्यांनी अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांवर नोकऱ्या धरल्या. प्रवासात उतारूंच्या नृत्यासाठी वाजवावे आणि न्यूयॉर्कला पोहोचताच रात्री नवे संगीत ऐकावे, असा त्यांचा क्रम असे. १९४८ साली अशाच मंडळींनी लंडनमध्ये 'क्लब इलेव्हन' काढला.

या संगीतास लहान जागाच मानवते. प्रथम सर्वांनी मिळून मूळ धून वाजवावयाची. मग त्याच स्वरसंगतीच्या आवर्तनांवर एकेकाने तत्क्षणी नवी रचना उभी करावयाची. अखेरीस पुन्हा धुनेवर यावयाचे. आपल्या बैठकीतील गवई तबलजीकडे पाहून समेवर येतो, तसाच येथे सॅक्सोफोनवाला ढोलवादकाची नजर शोधतो. श्रोता हाताच्या अंतरावर असल्यामुळे चूक लपत नाही आणि दादही वाया जात नाही.

या दारातून पुढे परदेशचे सूरही आत आले. मुंबईत जन्मलेले, गोमंतकीय कुळातील गिटारवादक अमान्सिओ डिसिल्व्हा १९६७ साली लंडनला गेले. जमैकाहून आलेल्या जो हॅरियट यांच्यासमवेत त्यांनी १९६९ साली 'हम दोनो' ही ध्वनिमुद्रिका केली. एका नियमाने ज्या देशाने परक्या वाद्यवृंदांना दार लावले होते, तेथेच हा संगम घडला. कलावंताच्या भाकरीची काळजी वाहणे अवश्यच आहे. पण त्याच्या कानांना अन्न मिळाले नाही, तर ती भाकरी कलेस पोसत नाही, हेच हा इतिहास सांगतो.