बक्कल आणि त्याचा दाखला

लिलावात घेतलेल्या जुन्या सैनिकी बक्कलाचे वय प्रथम धातूलाच विचारावे. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेच्या शिपायाचे बक्कल लंबगोल असे. पातळ पितळी पत्र्यावर ‘यू. एस.’ ही अक्षरे ठशाने उठवीत, मागची पोकळी शिसेमिश्रित धातूने भरीत व त्यातच आकडे रोवीत. तेच बक्कल अखंड ओतीव निघाले, तर जाणकार साशंक होतो.

कागदाची परीक्षा अधिक कठीण. १९६० नंतर ‘टिफनी’ या न्यूयॉर्कच्या प्रख्यात पेढीचे नाव उठविलेली ‘जुनी’ बक्कले बाजारात आली. पुढे त्यांना आधार म्हणून एक ग्रंथही निघाला. त्यावर मुद्रणवर्ष १९५० आणि आत तसल्याच बक्कलांची वर्णने! जे. डंकन कॅम्पबेल यांनी १९७३ साली दाखवून दिले की, बक्कले नवी होतीच, पण ग्रंथही बनावट होता. आरोपीच्या सोयीसाठी साक्षीदार घडविला जावा, तसा हा प्रकार.

आम्हां वकिलांस ही तऱ्हा अपरिचित नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे ९० वे कलम (आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे ९२ वे) तीस वर्षांच्या दस्तऐवजास खरेपणाच्या अनुमानाचा लाभ देते. पण तो योग्य ताब्यातून आलेला असेल तरच, आणि तेव्हाही अनुमान करावे की नाही, हे न्यायालयाच्या इच्छेवर. देवस्थानच्या दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली सनद आणि बाजारात हिंडणारी सनद यांत अंतर आहे ते हेच. तेव्हा बक्कलासोबत ग्रंथ आला, तर त्यावरील मुद्रणवर्षाच्या सुमारास तो कोणत्या ग्रंथालयात दाखल झाला होता, हे पैसे मोजण्यापूर्वी पाहावे.