भिंत रंगवून घेण्याआधी

रौप्यमहोत्सवानिमित्त गेटजवळच्या भिंतीवर चित्र काढून घ्यावे, असा विषय सभेत निघाला आणि पहिला प्रश्न आला पैशाचा. सगळे आयुष्य बँकेत गेलेल्या मला तो प्रश्न गैर वाटत नाही. पण भिंत रंगवून घेणे ही काही आजची चैन नव्हे, म्हणून थोडा इतिहास.

पुण्याचा शनिवारवाडा. १० जानेवारी १७३० रोजी पाया घातला, १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. सुरुवातीच्या बांधकामाचा खर्च १६,११० रुपये सांगतात. पुढे पेशव्यांनी आतल्या भिंतींवर पुराणातले प्रसंग रंगवून घेतले, त्यासाठी जयपूरहून भोजराज नावाचा चितारी आला. म्हणजे चांगला कारागीर लांबून बोलवायचा, ही रीत तेव्हाही होतीच. २७ फेब्रुवारी १८२८ ला वाड्याला आग लागली आणि महाल गेले. दिल्ली दरवाजापाशी पुसटशी चित्रे तेवढी उरली आहेत. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात मात्र भिंतीवरची चित्रे अजून दिसतात. सहल काढायची झाली तर तिकडे काढा.

आपल्या जवळचे उदाहरण कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे. प्रवेशदालनाची एक लांबलचक भिंत होती. डॉ. होमी भाभांनी ओळखीच्या माणसाला परस्पर काम दिले नाही; नामांकित चित्रकारांकडून आधी आराखडे मागवले. निवड झाली हुसेन यांची. ४५ फूट लांब, ९ फूट उंच असे ते चित्र आजही तिथे आहे. कोटेशन मागवणारी आपली कमिटी आणि भाभा यांची पद्धत एकच, असे मी गमतीने म्हणतो! त्याच कुलाब्यात कॅफे मोंडेगरच्या मालकांनी मारिओ मिरांडांकडून भिंती रंगवून घेतल्या. आता लोक चहा-बिअरइतकेच त्या भिंती बघायला जातात.

सभेत बहुतेकांनी वारली चित्राला पसंती दिली, म्हणून त्याबद्दल जरा जास्त. डहाणू-तलासरी-जव्हार हा २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्याचा भाग. तिथे लग्नघरात सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, मधोमध पालघाट देवी. चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे ती सजावट नाही, विधी आहे. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी तिथे पोचले, त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांचे नाव देशाबाहेर गेले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते वारले. आज त्याच भागातले किती तरी तरुण हे काम करून पोट भरतात. आणि आपण? वारली नक्षीचा फ्लेक्स छापून चिकटवला की स्वस्तात काम होईल, असे सभेत एकजण म्हणाले. स्वस्त होईल हे खरे, पण ज्यांची ती कला त्यांच्या हातात त्यातला एक रुपयाही पडणार नाही. माझा त्याला विरोध आहे आणि तो इथे छापला जावा.

दुसरी गोष्ट, चित्रात काय असावे? आपले गाव मुळात लष्कराची छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे इथल्या बराकींत राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. बराकी एकेक करून पडतायत, आपल्या नातवंडांना कॅम्प म्हणजे रिक्षाचा स्टॉप एवढेच ठाऊक. चौकोनात तारप्याचा नाच असू द्या, पण शेजारी बराक, उल्हास नदी, विठ्ठलवाडीची लोकल, आणि सिंधी व मराठी दोन्ही घरांची माणसे असू द्या. चित्रकाराला हे आधी सांगावे, कागदावर आराखडा घ्यावा, निम्मे पैसे आगाऊ द्यावेत आणि कोपऱ्यात त्याचे नाव लिहू द्यावे.

आणि हो, त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. वरचा पाइप बदलून, प्लास्टर नीट वाळल्याशिवाय कुणालाही बोलावू नये. सचिवांनी हे काम दिवाळीआधी उरकावे.